लुईस्टनचा ठोसा: खरा की ठरवलेला?

आपण कधी ना कधी कुस्तीच्या फडाला बसला असाल. मीही लहानपणी चुलत्यांचा हात धरून आमच्या गावच्या जत्रेतल्या फडाला जात असे. एका वर्षी शेवटच्या जोडीची कुस्ती लागली. दोघेही मल्ल नावाजलेले. हलगी कडाडत होती. सलामी झाली, आणि नेमकी त्याच वेळी माझ्या हातातली भुईमुगाच्या शेंगांची पुडी सुटली. शेंगा गोळा करायला मी खाली वाकलो, तोच सारा फड उसळला. वर पाहतो तो एक मल्ल आभाळाकडे तोंड करून पडलेला आणि दुसरा लोकांच्या खांद्यावर! शेजारचे एक म्हातारे गृहस्थ उठून ओरडू लागले, "नुरा कुस्ती! ठरवून केली! पैसे खाल्ले!" मलाही ते अगदी पटले. परतताना मी चुलत्यांना तसे म्हणालो. त्यांनी एवढेच विचारले, "डाव कोणता लागला, सांग पाहू." मला सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले, "मग ठरवून केली हे कशावरून? तू तर शेंगा वेचत होतास!"

ही गोष्ट मला परवा आठवली, त्याला कारण घडले. आमच्या महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवतो. तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने मोबाइलवर एक जुनी चित्रफीत दाखवली आणि विचारले, "सर, हे फिक्स होतं ना?" चित्रफीत होती मुहम्मद अली आणि सनी लिस्टन यांच्या दुसऱ्या मुष्टियुद्धाची. २५ मे १९६५ रोजी अमेरिकेत झालेले हे हेवीवेट अजिंक्यपदाचे, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचे युद्ध पुरती दोन-सव्वादोन मिनिटे चालले. ज्या ठोशाने ते संपले, तो पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना दिसलाच नाही. म्हणून त्याला 'फँटम पंच', म्हणजे भुताचा ठोसा असे नाव पडले. तो ठोसा खरा होता की लिस्टन ठरवून पडला, हा वाद साठ वर्षे झाली तरी मिटलेला नाही.

तुम्ही म्हणाल, दूरदेशीच्या दोन पैलवानांच्या भानगडीशी आपल्याला काय करायचे आहे? पण थोडा धीर धरा. प्रश्न नुसता ठोशाचा नाही. एखाद्या माणसावर आपण 'ठरवून केले' असा शिक्का मारतो, तो पुराव्यावर मारतो की वहिमावर, हा खरा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न आपल्या गावच्या चावडीवर रोज उभा राहतो.

आधी हे दोघे कोण, ते पाहू.

सनी लिस्टनचा जन्म अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यातल्या एका गरीब काळ्या शेतमजुराच्या घरी झाला. बापाला दोन बायकांची मिळून पंचवीस मुले, त्यांतला हा चोविसावा. नेमका कोणत्या साली जन्मला, याची धड नोंदही नाही. शाळा नाही, अक्षरओळख नाही. तरुणपणी दरोडेखोरीच्या गुन्ह्यात मिसूरी राज्याच्या तुरुंगात गेला आणि तिथेच मुष्टियुद्ध शिकला. हात असे लांब आणि ठोसा असा जड की भले भले त्याच्यापुढे उभे राहायला कचरत. २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोत त्याने फ्लॉइड पॅटर्सनला पहिल्याच फेरीत झोपवून अजिंक्यपद घेतले. लढत चालली २ मिनिटे ६ सेकंद. पुढच्या वर्षी पॅटर्सनने पुन्हा आव्हान दिले. लास वेगासमध्ये ती दुसरी लढत चालली २ मिनिटे १० सेकंद! हे दोन आकडे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येतील.

अजिंक्यपद मिळाले, पण मान मिळाला नाही. पहिल्या विजयानंतर तो विमानाने आपल्या फिलाडेल्फिया शहरी परतला, तेव्हा स्वागताला गर्दी असेल, चार शब्द बोलावे लागतील, अशी त्याने मनाशी तयारी केली होती. विमानतळावर स्वागताला कोणी आलेच नाही. लोकांच्या लेखी तो तुरुंगातून सुटलेला गुंड होता. शिवाय त्याच्या धंद्याची सूत्रे फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो या गुन्हेगारी टोळीतल्या माणसांच्या हाती होती, ही गोष्टही जगजाहीर होती. १९६१ साली या दोघांना मुष्टियुद्धाच्या धंद्यातल्या खंडणीखोरीबद्दल शिक्षा झाली. तेव्हा लिस्टनविषयी लोकांच्या मनात आधीपासूनच किंतु होता.

दुसरा कॅशियस क्ले. तरुण, देखणा, चपळ आणि तोंडाचा फटकळ. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे तो लिस्टनपुढे उभा राहिला, तेव्हा पैजा लिस्टनच्या बाजूने सातास एक अशा लागल्या होत्या. सहा फेऱ्या झाल्या आणि सातव्या फेरीची घंटा वाजली, तरी लिस्टन स्टुलावरून उठला नाही. खांदा दुखावला आहे, लढता येत नाही, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. अजिंक्यवीर बसल्या जागी हरला! लगेच कुजबुज सुरू झाली. त्यात पुढे असे उघडकीला आले की लिस्टनशी संबंधित असलेल्या एका कंपनीने क्लेची पुढची लढत भरवण्याचे हक्क लढतीआधीच ५० हजार डॉलरांना घेऊन ठेवले होते. म्हणजे लिस्टन हरला, तरी पुन्हा धंदा होणारच! काही दिवसांतच क्लेने 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेतले आपले सदस्यत्व जाहीर केले आणि मुहम्मद अली हे नाव घेतले. त्या काळच्या पुष्कळ गोऱ्या अमेरिकनांना तोही नकोसा झाला. पाहा, दोन लढवय्ये आणि दोघेही लोकांच्या मनातून उतरलेले.

दुसरी लढत नोव्हेंबर १९६४ मध्ये बोस्टन शहरी व्हायची होती. तीन दिवस उरले असता अलीला अंतर्गळाचा त्रास झाला आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. लढत सहा महिने पुढे गेली. लिस्टनने त्या नोव्हेंबरसाठी अंग फार कसून तयार केले होते. वय वाढलेल्या पैलवानाची तयारी एकदा उतरली, की पुन्हा चढत नाही, हे आपल्याकडचा कोणताही वस्ताद सांगेल. मे महिना जवळ आला, तेव्हा सरावात तो सुस्त दिसतो, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. तेवढ्यात बोस्टनच्या सरकारी वकिलाने लढतीच्या आयोजकांविरुद्ध कोर्टात धाव घेतली. जेमतेम तीन आठवडे उरले असता नवी जागा शोधायची पाळी आली. शेवटी ईशान्य टोकाच्या मेन राज्यातले लुईस्टन हे कापडगिरण्यांचे छोटे गाव पुढे आले. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. जागा कोणती, तर मुलांच्या आइस हॉकीचे क्रीडागृह!

लढतीच्या दिवशी तेही भरले नाही. प्रेक्षक अडीच हजारांच्या आतच होते. हेवीवेट अजिंक्यपदाच्या लढतीला इतके थोडे लोक त्याआधी कधी जमले नव्हते. खरी कमाई होती ती दूरदूरच्या चित्रपटगृहांत तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या थेट प्रक्षेपणाची. शिवाय वातावरण भीतीने भरलेले होते. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला, नेशन ऑफ इस्लाममधून बाहेर पडलेले पुढारी माल्कम एक्स यांचा न्यूयॉर्कमध्ये खून झाला होता. त्यांचे अनुयायी सूड म्हणून अलीला रिंगणातच गोळी घालणार, अशी एक आवई उठली होती. नेशनच्या लोकांनी लिस्टनला धमकावले आहे, अशी दुसरी. दारावर पोलीस प्रेक्षकांची झडती घेत होते. राष्ट्रगीत म्हणायला आलेला नामवंत गायकसुद्धा शब्द चुकला. एकंदरीत त्या रात्री कोणाचेच चित्त ठिकाणावर नव्हते.

पंच होते जर्सी जो वॉलकॉट, स्वतः एके काळचे हेवीवेट अजिंक्यवीर. मोठे मुष्टियोद्धे खरे, पण पंचगिरीत मुरलेले नव्हेत. आणि नियतीची गंमत अशी की १९५३ साली हेच वॉलकॉट रॉकी मार्सियानोविरुद्ध शिकागोत पहिल्याच फेरीत, २ मिनिटे २५ सेकंदांत बाद झाले होते. त्याही वेळी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती.

घंटा झाली. अली गोल गोल फिरू लागला, लिस्टन डावा हात पुढे फेकत त्याच्या मागे. दीड मिनिट असेच गेले. मग लिस्टनने एक डावा सरळ ठोसा मारण्यासाठी अंग पुढे झोकले. अली किंचित मागे सरला आणि त्या डाव्या हातावरून त्याचा उजवा हात आखूड झटक्यात खाली आला. लिस्टन कोसळला. चित्रफितीवरून मोजले तर त्या वेळी १ मिनिट ४४ सेकंद झाले होते.

पुढचे सारे गोंधळाचे. अली कोपऱ्यात जाण्याऐवजी पडलेल्या लिस्टनच्या अंगावर उभा राहिला आणि हात वाकवून ओरडू लागला, ऊठ, लढ! तेच ते जगप्रसिद्ध छायाचित्र, बावीस वर्षांच्या नील लायफरने टिपलेले. आपल्यापैकी कित्येकांनी ते पाहिले असेल. मग अली हात उंचावून रिंगणभर धावू लागला आणि वॉलकॉट त्याला आवरायला त्याच्यामागे. लिस्टन एका गुडघ्यावर आला, पुन्हा पाठीवर कलंडला, शेवटी उठला. वॉलकॉटनी त्याचे हातमोजे पुसले आणि लढत पुन्हा सुरू झाली. इतक्यात रिंगणाच्या कडेला बसलेले 'द रिंग' मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर ओरडून सांगू लागले की लढत संपली आहे, लिस्टन दहा सेकंदांहून अधिक पडून होता. लढणाऱ्या दोघांकडे पाठ करून वॉलकॉट त्या बाजूला गेले, वेळ मोजणाऱ्याला विचारले, आणि परत येऊन अलीचा हात वर केला. चित्रफितीप्रमाणे तेव्हा २ मिनिटे १२ सेकंद झाले होते. अधिकृत वेळ मात्र जाहीर झाली १ मिनिट! प्रेक्षक बोंबलू लागले, "फिक्स! फिक्स!"

आता विचार करू. 'खरे की खोटे' असा एकच गठ्ठा प्रश्न घेतला, तर उत्तर सापडत नाही. गाठ एका ओढीने सुटत नाही, एकेक पीळ मोकळा करावा लागतो. म्हणून या प्रश्नाचे चार तुकडे करू.

पहिला प्रश्न: ठोसा लागला का?

याचे उत्तर, लागला. चित्रफीत सावकाश फिरवली म्हणजे अलीची उजवी मूठ लिस्टनच्या गालाच्या वरच्या बाजूला बसलेली दिसते, मान झटकन वळते आणि ज्या डाव्या पायावर लिस्टनचा भार होता तो पाय जमिनीवरून उचलला जातो. त्या वेळी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकाने चित्रे तपासून ठोसा खरा व जोरकस असल्याचा निर्वाळा दिला होता. मग तो लोकांना दिसला का नाही? कारण तो आखूड होता. आपल्याला वाटते, जोराचा ठोसा म्हणजे हात मागे नेऊन गरगर फिरवून मारलेला. सिनेमात तसे दाखवतात. पण मुष्टियुद्धात घातक ठोसा बहुधा आखूडच असतो. शिवाय कोणत्याही रिंगणात निम्म्या लोकांच्या वाट्याला लढवय्यांची पाठच येते.

दुसरा प्रश्न: इतक्या आखूड ठोशाने असा धिप्पाड माणूस पडेल का?

इथे आपल्या घरातलाच एक अनुभव आठवा. अंधारात आपण चालत असतो आणि दाराची बुटकी चौकट कपाळावर बसते. चौकट काही आपल्याला मारायला धावत आलेली नसते, आपलाच वेग आपल्याला नडतो. लिस्टन त्या क्षणी दोनशे पौंडांहून अधिक वजन पुढे झोकून येत होता आणि ठोसा समोरून आला. दोन्ही वेग एकत्र झाले. दुसरी गोष्ट अशी की, दिसणारा ठोसा माणूस मान ताठ करून सोसतो, न दिसणारा ठोसा मान सैल असताना बसतो. पायरी संपली असे समजून पाऊल टाकावे आणि आणखी एक पायरी निघावी, तेव्हा साऱ्या अंगाला कसा हिसका बसतो? तसेच हे. मान अचानक वळली म्हणजे कवटीच्या आतला मेंदू हिंदकळतो आणि क्षणभर पायांतले बळ जाते. मूर्च्छा येण्याला ठोसा लांबून यावा लागत नाही, डोके झटक्यात फिरावे लागते.

तेव्हा पडणे शक्य होते. इथपर्यंत ठरवाठरवीचा काही संबंध येत नाही.

तिसरा प्रश्न: लिस्टनला उठता आले असते, पण तो मुद्दाम उठला नाही का?

खरी अवघड जागा ही. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे, ते पोकळ नाही. ते म्हणतात, लिस्टनचा जबडा लोखंडी होता. १९५४ साली मार्टी मार्शलविरुद्ध जबडा मोडलेला असतानाही त्याने शेवटपर्यंत लढत दिली होती. असा माणूस एका आखूड ठोशाने एवढा वेळ लोळेल? शिवाय तो गुडघ्यावर येऊन पुन्हा पाठीवर पडला, ते सोंग वाटते. रिंगणाजवळ हजर असलेल्या जॉर्ज चुवालो या मुष्टियोद्ध्याचेही मत पहिल्यापासून हेच होते की हे नाटक आहे.

उलट बाजूनेही सांगण्यासारखे आहे. लिस्टन आता पूर्वीचा राहिला नव्हता. डिसेंबर १९६९ मध्ये लिओटिस मार्टिनने त्याला बाद केले, त्या वेळी नाटकाची ओरड झाली नाही. आणि डोळ्यांपुढे आणा, आपण जमिनीवर, आणि डोक्यावर एक तगडा तरुण मूठ उगारून उभा! अशा वेळी अर्धवट उठणे म्हणजे पुढचा ठोसा आमंत्रण देऊन घेणे. आपल्याला मोजणी ऐकूच आली नाही, असे लिस्टनने लगोलग सांगितले होते. त्या आरडाओरड्यात ते अशक्य नाही. पण काही वर्षांनी त्यानेच एका वार्ताहराला उलट सांगितल्याचे छापून आले, की त्या भानगडीत आपल्याला पडायचे नव्हते, म्हणून आपण खाली बसलो. यांतले कोणते धरायचे? एकाच साक्षीदाराच्या दोन जबान्या परस्परांना छेद देत असतील, तर कोणतीच एकटी पुरावा ठरत नाही. आणि एक बारीक पण महत्त्वाचा भेद ध्यानात घ्या. माणूस भीतीने किंवा कंटाळून हार मानतो, ते एक. आणि पैसे घेऊन आधी ठरवून हरतो, ते दुसरे. पहिल्यात दुर्बळपणा आहे, दुसऱ्यात लबाडी. पळून गेलेल्या शिपायाला आपण भित्रा म्हणू, फितूर म्हणणार नाही.

चौथा प्रश्न: निकाल नियमाप्रमाणे लागला का?

नाही. आणि माझ्या मते साऱ्या संशयाचे मूळ इथे आहे. नियम असा की, एक जण पडला की दुसऱ्याने दूरच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. तो जाईपर्यंत पंचाने मोजणी रोखून धरायची. तो गेला, की पंच मोठ्याने दहापर्यंत मोजतो, म्हणजे पडलेल्याला आपल्याजवळ किती वेळ आहे ते कळते. या नियमाचे गाजलेले उदाहरण २२ सप्टेंबर १९२७ चे, शिकागोतल्याच डेम्प्सी-टनी लढतीचे. डेम्प्सीने टनीला पाडले, पण तो कोपऱ्यात जायला तयार होईना. पंचांनी तो जाईपर्यंत मोजणी सुरू केली नाही. टनीला दहाऐवजी तेरा-चौदा सेकंद मिळाले, तो नऊला उठला आणि लढत जिंकला.

तोच नियम लुईस्टनला लावला असता तर? अली कोपऱ्यात गेलाच नव्हता, म्हणून मोजणी सुरूच होत नव्हती, आणि लिस्टन उठला तेव्हा तो बाद झालेला नव्हता. वॉलकॉटनी मोजणी केली नाही. वेळ मोजणारा बाहेर बसून मोजत होता, ती मोजणी रिंगणात पोहोचली नाही. आणि लढत थांबवण्याचा धोशा कोणी लावला? कसलाही अधिकार नसलेल्या एका संपादकाने! वरून जाहीर केलेली वेळही चुकीची. एवढा घोळ झाल्यावर लोकांनी 'यात काहीतरी काळेबेरे आहे' म्हणावे, यात नवल काय? पण घोळ आणि कट या दोन भिन्न वस्तू आहेत. कट करणारे सहसा गोष्टी जास्त नीटनेटक्या करतात.

आता कोणी म्हणेल, पुरावा मिळत नसतोच, ठरवणारे कागद करून ठेवतात का? तर तसे नाही. संगनमत उघडकीला येते, तेव्हा ते कसे दिसते, याचा दाखला आहे. १४ नोव्हेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये जेक लामोटा हा मुष्टियोद्धा बिली फॉक्सकडून चौथ्या फेरीत हरला. तेव्हाही ओरड झाली, पण हाती काही लागले नाही. तेरा वर्षांनी, १९६० साली, अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे लामोटाने स्वतः शपथेवर कबूल केले की अजिंक्यपदाच्या लढतीची संधी मिळावी म्हणून आपण ठरवून हरलो. इथे हेतू आहे, सौदा आहे, शपथेवरची कबुली आहे. लुईस्टनच्या बाबतीत यांतले काहीच आजवर समोर आलेले नाही. मायामीच्या पहिल्या लढतीविषयी अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेला संशय होता, हे २०१४ साली बाहेर आलेल्या कागदांवरून दिसते. पण संशयाच्या पुढे तोही गेला नाही.

आता त्या दोन आकड्यांकडे वळू. पॅटर्सन हरला २ मिनिटे ६ सेकंदांत, पुन्हा हरला २ मिनिटे १० सेकंदांत. लिस्टन हरला २ मिनिटे १२ सेकंदांत. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. मग पॅटर्सनच्या पडण्यावर साठ वर्षे वाद का चालला नाही? कारण लिस्टन जिंकणार, हे लोकांनी मनात आधीच धरले होते. जे अपेक्षेप्रमाणे घडते त्याला आपण पुरावा मागत नाही, आणि जे अपेक्षेविरुद्ध घडते त्याला आपण कट म्हणतो. शिवाय लिस्टन तुरुंगात जाऊन आलेला. एकदा चोर ठरलेल्याच्या दारापुढूनच प्रत्येक चोरीचा माग निघतो, अशी आपली रीत. त्याच्याऐवजी एखादा लाडका अजिंक्यवीर त्याच ठोशाने पडला असता, तर लोक म्हणाले असते, काय विजेसारखा ठोसा होता!

तेव्हा माझा निर्णय असा. ठोसा खरा होता. पडणे खरे असण्याचा संभव फार मोठा आहे. लिस्टनने उठण्याचा जिवापाड प्रयत्न केला असे मला चित्रफीत पाहून वाटत नाही, पण ते त्याच्या आणि त्याच्या देवाच्या मधले आहे. निकाल देण्याची पद्धत चुकीची होती. आणि आधी ठरवून केलेली लढत, हा आरोप सिद्ध झालेला नाही. न सिद्ध झालेला आरोप कितीही वर्षे बोलला गेला, तरी तो जुना होतो, खरा होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी, आणि त्याबरोबर ते प्रसिद्ध छायाचित्र दाखवावे. मुलांना विचारावे, या चित्रात तुम्हाला काय दिसते? मुले म्हणतील, अलीने लिस्टनला पाडले. मग विचारावे, ठोसा दिसतो का? पाहतील, तर ठोसा चित्रात नाहीच! चित्र ठोशानंतरचे आहे. इतके गाजलेले चित्र, पण ज्या प्रश्नावरून वाद आहे, त्याविषयी ते अवाक्षर बोलत नाही. डोळ्यांनी पाहिलेले काय आणि मनाने भरलेले काय, हा भेद ज्या मुलाला कळला, त्याला तर्कशास्त्राचा निम्मा धडा कळला असे समजावे.

लुईस्टननंतर लिस्टन बरीच वर्षे लढला आणि पुष्कळ लढती जिंकला, पण अजिंक्यपदाची संधी त्याला पुन्हा मिळाली नाही. ५ जानेवारी १९७१ रोजी लास वेगासमधल्या राहत्या घरी तो मृतावस्थेत सापडला. त्या मृत्यूभोवतीही अफवा उठल्या, त्या अजून विझलेल्या नाहीत. लास वेगासमध्येच त्याची कबर आहे. तिच्यावरच्या लहानशा फलकावर त्याचे नाव आहे, साल आहे, आणि त्याखाली दोनच शब्द आहेत: एक माणूस.

माझ्या चुलत्यांनी जत्रेतून परतताना विचारलेला प्रश्न मी आता विद्यार्थ्यांना विचारतो. पुढच्या वेळी फडात, निवडणुकीत, परीक्षेच्या निकालात किंवा शेजाऱ्याच्या भरभराटीत 'हे ठरवून केलेले आहे' असे ओठांवर आले, तर आपणही तो स्वतःला विचारून पाहावा: डाव कोणता लागला, ते मी पाहिले होते का? की मी तेव्हा शेंगा वेचत होतो?